~ म्हणजे कुणाचं घर?

सर्व्हरवर काम करणाऱ्यांना कधी ना कधी एक चमत्कारिक फोल्डर सापडतो. त्याचं नाव एकाच चिन्हाचं असतं: ~. एखाद्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये, प्रोग्रामच्या फायलींच्या शेजारी तो बसलेला असतो. उघडून पाहावं तर आत 'बॅकअप' नावाचा फोल्डर आणि त्यात कित्येक महिन्यांच्या फायली. प्रोग्राम लिहिणाऱ्याने पत्ता दिला होता '~/बॅकअप'. त्याच्या मनात होतं, की फायली '/होम/मीरा/बॅकअप'मध्ये जातील. (मीरा हे इथे उदाहरणापुरतं घेतलेलं लॉगिन नाव.) फायली तिथे कधी पोचल्याच नाहीत. प्रोग्रामने ~ नावाचा फोल्डर स्वतःच तयार केला, सगळं त्यात ओतलं आणि एकही एरर न दाखवता काम संपवलं.

खरा धोका यापुढे आहे. हा नको असलेला फोल्डर काढून टाकावा म्हणून कुणी टर्मिनलवर 'आरएम -आरएफ ~' अशी कमांड दिली, तर तो फोल्डर जागच्या जागी राहतो आणि मीराची सगळी होम डिरेक्टरी पुसली जाते. या कमांडला रिसायकल बिन नसतो. जे गेलं ते गेलं.

चिन्ह तेच होतं. प्रोग्रामने ते नाव म्हणून वाचलं, टर्मिनलने घर म्हणून वाचलं, आणि दोघांनीही आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर वाचलं. या दोन वाचनांमधलं अंतर समजून घेणं हा या प्रकरणाचा विषय आहे. विषय वरवर बारीकसा आहे, पण संगणकात एखाद्या खुणेला अर्थ कोण देतं, हा मोठा प्रश्न त्यात लख्ख दिसतो.

एका कळीवरचं घर

~ या चिन्हाला टिल्ड म्हणतात. युरोपातल्या काही भाषांत ते अक्षराच्या डोक्यावर बसतं. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या नावांत संतांच्या नावाआधी येणारा 'सांव' हा शब्द रोमन लिपीत पाहिला, तर त्यातल्या 'आ'वर ही लाट दिसते. तो स्वर नाकातून उच्चारायचा, एवढंच ती सांगते. म्हणजे आपल्याकडे अनुस्वार जे काम करतो तेच. संगणकाच्या आस्की या अक्षरसंचात टिल्डला 126 हा क्रमांक मिळाला आणि ते अक्षराच्या डोक्यावरून उतरून स्वतंत्र चिन्ह म्हणून उभं राहिलं.

त्याचा घराशी संबंध जोडला जातो तो एका टर्मिनलमुळे. अमेरिकेतल्या लिअर सीग्लर या कंपनीचं एडीएम-3ए हे टर्मिनल 1976 मध्ये बाजारात आलं. पडद्यावर 80 अक्षरांच्या 24 ओळी आणि खाली कीबोर्ड. या कीबोर्डवर ज्या कळीवर टिल्ड छापलेलं होतं, त्याच कळीवर 'होम' हा शब्दही होता. त्या 'होम'चा अर्थ वेगळा होता: कंट्रोलची कळ धरून ती दाबली, की कर्सर पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, आपल्या मूळ जागी जाई. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शाखेत बिल जॉय हे विद्यार्थी याच टर्मिनलवर काम करत. 'व्हीआय' या त्यांच्या संपादकात एच, जे, के, एल ही अक्षरं बाणांचं काम करतात, कारण एडीएम-3एवर बाण त्याच कळींवर छापलेले होते. त्यांनीच सी शेल लिहिला (टर्मिनलवर टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम म्हणजे शेल), आणि 1979 च्या सुमारास बर्कलीच्या युनिक्समधून तो बाहेर पडला. त्यात ~ म्हणजे वापरकर्त्याची होम डिरेक्टरी. कीबोर्डवरची ती कळ पाहिल्यावर ही निवड कुठून सुचली असावी, हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच वर्षी बेल लॅब्जच्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधून स्टीफन बोर्न यांचा शेल आला. त्यात टिल्डला काहीच अर्थ नव्हता. घराचा पत्ता 'होम' नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेला असे, आणि तो हवा असेल तर डॉलरचं चिन्ह लावून मागावा लागे. पुढे डेव्हिड कॉर्न यांच्या शेलने टिल्ड उचललं आणि 1992 च्या पॉझिक्स मानकात ते अधिकृत झालं. आजचे बॅश, झेडशेल सगळे ते पाळतात. पण युनिक्सच्या पहिल्या दशकात ~ कुणालाच घर वाटत नव्हतं, ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ते गाभ्यात कधीच नव्हतं. नंतर वरच्या थरात आलं आणि तिथेच राहिलं.

रिक्षावाला आणि पोस्टमन

कोपऱ्यावरच्या ओळखीच्या रिक्षावाल्याला 'घरी सोडा' म्हटलं तर पुरतं. त्याला आपण माहीत असतो, घर माहीत असतं. तोच शब्द पाकिटावर पत्ता म्हणून लिहिला आणि पाकीट टपालपेटीत टाकलं, तर पोस्टमन ते कुठे नेणार? त्याला पूर्ण पत्ता लागतो. संगणकात शेल हा ओळखीचा रिक्षावाला आहे आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हे पोस्टखातं.

मीरा टर्मिनलवर 'सीडी ~/नोंदी' असं टाइप करते तेव्हा शेल आधी ती ओळ वाचतो. शब्दाच्या सुरुवातीला अवतरणाबाहेरचं ~ दिसलं, की त्यापासून पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा तुकडा तो उचलतो. तुकडा नुसता ~ असेल, तर त्या जागी 'होम' व्हेरिएबलची किंमत ठेवतो. तुकडा '~सुधा' असा असेल, तर वापरकर्त्यांच्या यादीत सुधा हे लॉगिन नाव शोधून तिच्या घराचा पत्ता ठेवतो. हे सगळं कमांड चालू होण्यापूर्वीच होतं. 'एलएस', 'सीपी' किंवा आपण लिहिलेला प्रोग्राम, यांपैकी कुणालाही ते टिल्ड दिसतच नाही. त्यांच्या हातात '/होम/मीरा/नोंदी' हा तयार पत्ता पडतो.

नवशिक्याचा गोंधळ इथूनच सुरू होतो. टर्मिनलवर वर्षानुवर्षं ~ चाललेलं पाहून मनात पक्कं बसतं, की ~ हा पत्त्याचाच भाग आहे. मग तो अवतरणात '~/नोंदी' लिहितो आणि शेल त्याला हात लावत नाही. किंवा तो पत्ता अवतरणासकट एखाद्या व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि नंतर 'सीडी'ला ते व्हेरिएबल देतो. तेही चालत नाही, कारण बॅशमध्ये टिल्ड उलगडण्याची पायरी व्हेरिएबल उलगडण्याच्या आधी येते. व्हेरिएबलमधून टिल्ड बाहेर पडेपर्यंत त्याची वेळ टळून गेलेली असते. आणखी एक ओळखीचा फटका: सोर्स कोडवरून सॉफ्टवेअर बांधताना 'कॉन्फिगर' स्क्रिप्टला '--प्रिफिक्स=~/लोकल' असा पर्याय दिला, की बॅश तो जसाच्या तसा पुढे ढकलतो, कारण इथे टिल्ड शब्दाच्या सुरुवातीला नाही. स्क्रिप्ट पूर्ण पत्ता मागते आणि थांबते. तिने तिथेच थांबावं हे उत्तम.

आता कर्नल. लिनक्सच्या कर्नलला फायलीच्या नावात फक्त दोन गोष्टी चालत नाहीत: तिरकी रेघ आणि शून्य किमतीचा बाइट. बाकी काहीही चालतं. मराठी अक्षरं, मोकळी जागा, उद्गारचिन्ह, आणि अर्थात टिल्डसुद्धा. कर्नलच्या लेखी '~/नोंदी' म्हणजे 'सध्याच्या फोल्डरमधल्या ~ नावाच्या फोल्डरमधली नोंदी'. असा फोल्डर सहसा नसतो, म्हणून तो 'अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही' असं उत्तर देतो. हे उत्तर मिळणं भाग्याचं, कारण चूक लगेच कळते. घात होतो तो 'मधले फोल्डर नसतील तर तयार कर' ही सोय वापरल्यावर. पायथॉनचं 'मेकडर्स' किंवा शेलमधली 'एमकेडीआयआर -पी' ही कमांड असा हुकूम निमूट पाळते. सुरुवातीला पाहिलेल्या फोल्डरचा जन्म बहुतेक वेळा असाच होतो.

एकाच फायलीत दोन्ही वाचनं शेजारी शेजारी पाहायची असतील तर डॉकरची फाइल पाहावी. तिथे 'रन'ने सुरू होणारी ओळ एरवी शेलकडे जाते, म्हणून तिच्यातलं ~ उलगडतं. खालच्याच 'कॉपी'च्या ओळीत शेल नसतो. तिथे ~ लिहिलं, तर इमेजमध्ये ~ नावाचा खराखुरा फोल्डर तयार होतो.

शेलखेरीज आणखी काही प्रोग्रामही टिल्डला स्वतःच्या जबाबदारीवर अर्थ देतात. गिटच्या सेटिंगमधला पत्ता ~ ने सुरू झाला, तर गिट तो उलगडतो. एसएसएचची सेटिंग फाइलही किल्लीच्या पत्त्यात टिल्ड समजून घेते. वेब सर्व्हरचंही तसंच. आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्र विभागातल्या प्राध्यापकांची पानं ज्यांनी उघडली असतील, त्यांना पत्त्यातलं ~ आणि त्यामागचं नाव आठवेल. तिथे सर्व्हर त्या लॉगिन नावाचं घर शोधतो आणि त्यातला जाहीर करण्यासाठी राखलेला फोल्डर उघडतो. वेब पत्त्यांच्या 1994 च्या नियमांत टिल्ड असुरक्षित चिन्हांत धरलं होतं आणि त्याऐवजी टक्क्याचं चिन्ह लावून '7ई' लिहायला सांगितलं होतं. 1998 च्या नियमांनी ते निर्धोक चिन्हांत घेतलं. यांतल्या प्रत्येकाने टिल्ड समजून घेण्यासाठी वेगळा कोड लिहिला आहे. कुणालाही ते फुकट मिळालेलं नाही.

पायथॉनने दिलेलं उत्तर

फायलींचे पत्ते हाताळणाऱ्या लायब्ररीने मग काय करावं? शेलसारखं आपणहून टिल्ड उलगडावं, की कर्नलसारखं त्याला साधं अक्षर मानावं?

पायथॉनने तिसरी वाट धरली: उलगडायची सोय द्यायची, पण मागितल्याशिवाय नाही. 'ओएस डॉट पाथ' या जुन्या मॉड्यूलमध्ये 'एक्सपँडयुजर' नावाचं फंक्शन आहे. अँटवान पित्रू यांनी मांडलेलं 'पाथलिब' 2014 मध्ये पायथॉन 3.4 बरोबर आलं, तेव्हा त्यात ही सोय नव्हती. 2015 च्या 3.5 मध्ये 'पाथ'ला 'होम' आणि 'एक्सपँडयुजर' मिळाले. आजही 'पाथ' या वर्गाला '~/नोंदी' दिलं आणि 'ही फाइल आहे का?' विचारलं, तर उत्तर 'नाही' येतं. 'ओपन'ला दिलं तर एरर येतो. दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, की इतकी साधी गोष्ट ही लायब्ररी आपणहून का करत नाही.

माझ्या मते लायब्ररी बरोबर आहे, आणि त्याचं कारण एका फायलीवरून दाखवता येतं. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये एखादी फाइल उघडी असताना त्याच फोल्डरमध्ये एक लपलेली फाइल तयार होते. तिचं नाव टिल्ड आणि डॉलर या चिन्हांनी सुरू होतं, जसं '~$अहवाल'. आता समजा एखादा प्रोग्राम फोल्डरमधल्या नावांची यादी काढतो आणि प्रत्येक नावावर टिल्ड उलगडण्याची प्रक्रिया चालवतो. लिनक्सवर 'ओएस डॉट पाथ' '$अहवाल' नावाचा वापरकर्ता शोधेल, तो सापडणार नाही, आणि नाव जसंच्या तसं परत देईल. 'पाथलिब' त्याच ठिकाणी रनटाइम एरर देऊन थांबेल. विंडोजवर प्रकार आणखी अवघड आहे. तिथे पायथॉनकडे दुसऱ्या वापरकर्त्याचं घर शोधण्याचा खात्रीचा मार्ग नाही, म्हणून तो अंदाज बांधतो: मीराचं घर 'यूजर्स' फोल्डरमध्ये 'मीरा' या नावाने आहे, तर '$अहवाल'चं घरही तिथेच शेजारी असणार. असं घर आहे की नाही हे न पाहता तो पत्ता देऊन मोकळा होतो. फोल्डरमधली एक तात्पुरती फाइल अशा रीतीने एका अस्तित्वातच नसलेल्या माणसाचं घर बनते. हे सगळं मागितल्यावर घडतं. लायब्ररीने प्रत्येक पत्त्यावर आपणहून हेच केलं असतं, तर '~$अहवाल' ही फाइल नुसत्या नावाने उघडायचा मार्गच उरला नसता.

अपयश कसं कळवायचं, यावरही या दोन मॉड्यूलांचं एकमत नाही. जुनं फंक्शन गप्प राहून मूळ पत्ता परत करतं, नवं एरर देतं. मला नवं वागणं पटतं. गप्प राहणारं फंक्शनच पुढे ~ नावाच्या फोल्डरला जन्म देतं.

पण 'पाथलिब'मध्येही एक खाच आहे आणि ती मला अस्वस्थ करते. शेलमध्ये ~ नावाच्या फोल्डरकडे बोट दाखवायचं असेल, तर त्याआधी टिंब आणि तिरकी रेघ लावतात: './~'. 'इथलाच, याच फोल्डरमधला' असा त्याचा अर्थ. 'ओएस डॉट पाथ' हे कुंपण पाळतं. पत्ता टिंबाने सुरू होतो म्हणून तो उलगडत नाही. 'पाथलिब' मात्र पत्ता हातात घेताच सुरुवातीचं टिंब अनावश्यक समजून गाळून टाकतं. './~' चं उरतं नुसतं '~'. त्यानंतर त्यावर 'एक्सपँडयुजर' चालवलं, की कुंपण लावूनही घराचाच पत्ता हाती येतो. तो पत्ता फोल्डर पुसणाऱ्या फंक्शनकडे गेला, तर काय होईल हे आपण सुरुवातीला पाहिलंच आहे.

क्रमाचं भानही लागतं. पत्ता पूर्ण करून देणारं 'रिझॉल्व्ह' आधी चालवलं, तर '~/नोंदी'च्या पुढे सध्याच्या फोल्डरचा पत्ता जोडला जातो आणि टिल्ड मध्ये अडकतं. मधलं टिल्ड कुणीच उलगडत नाही. आधी 'एक्सपँडयुजर', मग 'रिझॉल्व्ह', हाच क्रम.

इतर भाषांबद्दल थोडक्यात. रुबीचं 'एक्सपँड_पाथ' टिल्ड उलगडतं आणि 'ॲब्सोल्यूट_पाथ' मुद्दाम उलगडत नाही. एकाच कामाची दोन फंक्शनं केवळ या फरकासाठी ठेवणं हे मला प्रामाणिकपणाचं वाटतं. पहिल्याला आधाराचा फोल्डर सांगितला आणि पत्ता ~ ने सुरू झाला, तर तो आधार बाजूला पडतो, हे मात्र बाहेरून आलेली नावं हाताळताना विसरू नये. नोड आणि गो या दोन्हींमध्ये टिल्ड उलगडणारं फंक्शन नाही, फक्त घराचा पत्ता सांगणारं आहे. गोमध्ये तेही 2019 च्या 1.12 या आवृत्तीत आलं. सी++ च्या प्रमाण लायब्ररीत 2017 पासून फायलींचे पत्ते हाताळायची सोय आहे, पण घर कुठे आहे हे ती सांगत नाही.

दोन साक्षीदार

आतापर्यंत आपण धरून चाललो, की घराचा पत्ता एकच असतो. तो शोधायच्या जागा मात्र दोन आहेत. एक 'होम' व्हेरिएबल, जे प्रत्येक प्रोग्रामला त्याला सुरू करणाऱ्याकडून मिळतं. दुसरी वापरकर्त्यांची नोंदवही. युनिक्सवर '/ईटीसी/पासडब्ल्यूडी' या फायलीत प्रत्येक वापरकर्त्याची एक ओळ असते, तिच्यात अपूर्णविरामांनी वेगळे केलेले सात रकाने असतात आणि सहावा रकाना घराचा. बहुतेक वेळा दोन्ही साक्षी जुळतात. न जुळल्यास कुणाचं ऐकायचं?

पायथॉन, नोड आणि शेल आधी 'होम'चं ऐकतात. व्हेरिएबल नसेलच, तर पायथॉन आणि नोड नोंदवही उघडतात. जावा उलट करते: लिनक्सवर ती सरळ नोंदवहीतला पत्ता घेते. त्यामुळे चाचणीसाठी कुणी 'होम' बदलून दुसरीकडे वळवलं, तर पायथॉनचा प्रोग्राम नव्या घरात जातो आणि जावाचा जुन्याच घरात राहतो. दोन्ही बाजूंनी बोलता येईल. 'होम' ही वापरकर्त्याने व्यक्त केलेली इच्छा आहे आणि तिचा मान राखला पाहिजे, असं मला वाटतं. अपवाद फक्त वाढीव अधिकारांनी चालणाऱ्या प्रोग्रामांचा. तिथे कुणीही बदलू शकेल अशा व्हेरिएबलवर विसंबणं धोक्याचं.

'होम' रिकामं असेल तर? नसणं वेगळं आणि रिकामं असणं वेगळं. रिकामं 'होम' पायथॉन खरं मानतो, ~ च्या जागी काहीच ठेवत नाही, आणि '~/नोंदी'चं '/नोंदी' होतं, म्हणजे थेट डिस्कच्या मुळाशी. प्रोग्राम रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या अधिकाराने चालत असेल, तर तो तिथे लिहूनही जाईल.

रूटच्या अधिकाराने कमांड चालवू देणाऱ्या 'सुडो'मध्ये तर एकाच ओळीत दोन घरं येतात. मीराने 'सुडो' लावून एक प्रोग्राम चालवला आणि त्याला '~/यादी' हा पत्ता दिला. तो पत्ता तिच्या शेलने आधीच उलगडला, म्हणून तो मीराच्या घराचा. पण तोच प्रोग्राम आत स्वतःची सेटिंग शोधायला '~' उलगडतो, तेव्हा 'सुडो'ने 'होम' बदललेलं असेल तर उत्तर रूटच्या घराचं येतं. यादी मीराची, सेटिंग रूटची. तक्रार आल्यावर दोन्ही पत्ते वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हातांनी उलगडले गेले हे सुचायला बराच वेळ लागतो.

विंडोजवर सगळीच पद्धत वेगळी. तिथे घराचा पत्ता 'यूजरप्रोफाइल' या व्हेरिएबलमध्ये असतो आणि टिल्डला जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'घर' हा अर्थच नाही. उलट तिथे टिल्ड दुसऱ्याच कामाला लागलं होतं: आठ अक्षरांत न मावणारं लांब नाव कापून पुढे '~1' लावायचं. काही साधनं मात्र विंडोजवरही 'होम' तयार करतात. गिटबरोबर येणारा बॅश त्यांपैकी एक. पायथॉन पूर्वी ते 'होम'ही पाहत असे. त्यामुळे तोच प्रोग्राम बॅशमधून चालवला तर एक घर आणि कमांड प्रॉम्प्टमधून चालवला तर दुसरं घर, असं होऊ शके. 2019 मध्ये आलेल्या 3.8 या आवृत्तीपासून पायथॉनने विंडोजवर 'होम'कडे पाहणं बंद केलं. रस्टची गोष्टही अशीच. घर सांगणारं तिचं फंक्शन विंडोजवर 'होम'चं ऐकत असे, म्हणून 2018 मध्ये 1.29 या आवृत्तीत ते वापरू नका असं जाहीर करावं लागलं. पुढे कित्येक वर्षांनी ते दुरुस्त झालं. घर कुठे आहे हे एका ओळीत सांगणारं फंक्शन बरोबर लिहायला जाणत्या लोकांना इतका काळ लागला, यावरून प्रश्नाची खोली कळते.

टिल्ड दारातच उलगडा

टिल्ड वापरूच नये का? उलट, जरूर वापरावं. मॅकवर मीराचं घर '/यूजर्स/मीरा' असतं आणि लिनक्सवर '/होम/मीरा'. तिची सेटिंग फाइल दोन्ही यंत्रांवर चालायची असेल, तर तिच्यात '~/नोंदी' असंच लिहिलेलं हवं. माणूस लिहितो तेव्हा ~ हा नेमका शब्द आहे, कारण त्याला खरोखर 'माझं घर' म्हणायचं असतं. ते कुठेही असो.

म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्याने एवढंच ठरवावं: माणसाने हाताने लिहिलेला मजकूर प्रोग्रामच्या दारातून आत येतो, त्या ठिकाणी टिल्ड एकदाच उलगडायचं. सेटिंग फायलीतला पत्ता, खिडकीतल्या चौकटीत टाइप केलेला पत्ता, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून आलेला पत्ता, ही ती दारं. जेसॉन किंवा यॅमल फायली वाचणाऱ्या लायब्ररींना पत्ता म्हणजे काय हे माहीत नसतं; त्यांच्यासाठी ती अक्षरांची एक ओळ असते, म्हणून उलगडण्याचं काम आपल्याच अंगावर येतं. आत आल्यावर पुन्हा कुठेही उलगडायचं नाही. आणि जी नावं माणसाने 'माझं घर' या अर्थाने लिहिलेलीच नाहीत, त्यांना हात लावायचा नाही: फोल्डरच्या यादीतून मिळालेली नावं, झिप फायलीतून निघालेली नावं, वेबसाइटवर कुणी चढवलेल्या फायलीचं नाव. तिथलं ~ हे अक्षर आहे. ते उलगडणं म्हणजे परक्या माणसाला आपल्या घराची दिशा ठरवू देणं. दुसऱ्या प्रोग्रामला कामाला लावतानाही सेटिंगमधून आलेला पत्ता आधी उलगडूनच द्यावा. पायथॉनच्या 'सबप्रोसेस'ला शब्दांची यादी दिली, की मध्ये शेल नसतो आणि पलीकडच्या प्रोग्रामला कोरं ~ मिळतं.

ज्यांच्या हाताखाली सर्व्हर आहेत त्यांना विनंती, की आज थोडा वेळ काढून तिथे ~ नावाचा फोल्डर आहे का ते पाहा. 'फाइंड' कमांडला हे नाव देताना अवतरणात द्या, नाहीतर शेल मध्येच ते बदलून टाकेल. सापडला तर लगेच पुसू नका. आधी आतल्या फायली पाहा, कारण ज्या बॅकअपवर आपण विसंबून आहोत तो कदाचित तिथेच असेल. फायली योग्य जागी हलवा, मगच फोल्डर काढा, आणि काढताना './~' असं लिहून एंटर दाबण्याआधी ती ओळ एकदा वाचा. शेवटी ज्या प्रोग्रामने तो फोल्डर तयार केला तो शोधा आणि त्यातली ती ओळ दुरुस्त करा. ती तशीच राहिली, तर उद्या पहाटेच्या बॅकअपच्या वेळी तो फोल्डर पुन्हा तिथेच असेल.